मास्तरांच्या कागदांवरचं पाणी

भाद्रपद वद्य अष्टमीला आमची देवी सिंहासनावरून उतरते आणि पलंगावर निजते. मग घटस्थापनेपर्यंत तिची निद्रा. तुळजापुरात जन्म काढलेल्या माणसाला हे कॅलेंडरात बघावं लागत नाही. या आठ दिवसांत गावच आपला आवाज खाली आणतं. यात्रेकरू कमी होतात, दुकानदार फळीवर बसून पेंगतात, लॉजवाले गाद्या उन्हात टाकतात. ऊन तरी कसलं, हस्ताच्या आधीचं ते मळकट ऊन. परवा शेजारची सून कठड्यावरून म्हणाली, "काकू, देवी निजली हो." मी म्हटलं, "निजू दे बाई. मला मात्र आता आठ दिवस झोप नाही." तिला वाटलं, म्हातारीचे गुडघे दुखत असणार. मीही खुलासा केला नाही.

गुडघे दुखतातच. पण झोप जाते ती दुसऱ्या कारणानं. देवी निजते त्याच्या दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. माझी आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध त्या दिवशी. आणि त्याच दिवशी, मी अकरा वर्षांची असताना, एका माणसाची सहा महिन्यांची मेहनत मी स्वतःच्या हातानं धुऊन टाकली. मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर एव्हाना विसरले असते. मी ते भक्तीनं केलं, आणि भक्तीनं केलेल्या चुकीवर कुणी रागावत नाही, त्यामुळं ती कधी फिटतच नाही.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मराठवाडा नुकता मुंबई राज्यात गेला होता. आमचे आप्पा शाळेत संस्कृत शिकवायचे आणि चार घरची भिक्षुकी करायचे. गाव त्यांना शास्त्रीबुवा म्हणायचं. आई जाऊन दोन वर्षं झालेली. घर आत्याच्या हातात. आत्या म्हणजे आप्पांची मोठी बहीण. बालपणीच विधवा झालेली, केस काढलेले, तांबडं आलवण. पहाटे न्हाऊन ओलेत्यानं ती स्वयंपाकघरात शिरली की दुपारची जेवणं होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. आई गेली त्या सकाळी मी रडत तिच्याकडे धावले होते. ती दोन पावलं मागं सरकली आणि म्हणाली, "शिवू नको गं, सोवळ्यात आहे मी." तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती चुलीपाशी रडत होती आणि मी उंबऱ्याशी. मधे चार हात जमीन. ज्याच्या अंगावर पडून रडता येत नाही ते पवित्र, एवढं माझ्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं.

आणि याच शब्दाचा पिच्छा पुरवत शमुवेल मास्तर आमच्या दारी आले.

ते नळदुर्गच्या अलीकडच्या एका खेड्यातले, ख्रिस्ती. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायचे. उंच, थोडे वाकलेले, डोक्याला काळी टोपी, खांद्याला खाकी झोळी. शिक्षण सगळं निजामाच्या अमदानीतलं, उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली आणि पुढच्या सुट्टीनंतर शाळा उघडली ती मराठीतच. मग चाळिशीच्या पुढं मास्तर पोरांबरोबर बाराखडी घोटत बसले. ते स्वतःच हे हसून सांगायचे. "म्या शिकिवनारा बी आन शिकनारा बी. छडी कुनी कुनाला मारायची, शास्त्रीबुवा?"

त्यांच्या झोळीत तीन बायबलं असायची. एक उर्दू, ज्यात त्यांचं मन रमायचं. एक मराठी, जे रविवारी वाचावं लागायचं. आणि एक कानडी, ते त्यांच्या बायकोनं माहेराहून आणलेलं. तिन्ही ओट्याच्या खालच्या पायरीवर ओळीनं मांडून मास्तर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसायचे आणि आप्पा वर ओट्यावर. मी खांबाला टेकून ऐकत असे. हाकलून लावण्याइतकं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मास्तरांची अडचण आधी आप्पांना हास्यास्पद वाटली होती. देव पवित्र आहे, हे मराठीत कसं म्हणावं? आप्पा म्हणाले, "अहो, पवित्र आहे असंच म्हणावं." मास्तर म्हणाले, "म्हनून बघितलं की. म्हनूनच तर आलो."

मग त्यांनी सखूआजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. कानानं कमी, म्हणून उपासनेला सगळ्यांच्या पुढं बसायची. मास्तर इतकी वर्षं उर्दू वाचून तोंडी मराठीत सांगायचे, तेव्हा ते देव पाक आहे म्हणायचे. पाक म्हणजे साफ, हे तिला ठाऊक होतं. मराठी पुस्तक आलं त्या रविवारी मास्तरांनी छापल्याप्रमाणं वाचलं की देव पवित्र आहे. सखूआजीनं पुन्हा विचारलं, काय हाय? मास्तर मोठ्यानं म्हणाले, पवित्र. म्हातारीनं पदर सावरला, पाय आखडून घेतले आणि सरकत सरकत पार मागच्या भिंतीला जाऊन टेकली. म्हणाली, "आसं हाय व्हय. मग आपुन लांबच बसावं, बाबा. कशाला उगं त्याला इटाळ."

"तवापास्नं ती फुडं येईना," मास्तर म्हणाले. "कान तर गेल्यालेच. मागं बसून तिला एक अक्षर ऐकू येत न्हाय. माझ्या वाचन्यानं एक बाई देवापास्नं उठून गेली, शास्त्रीबुवा. ती मरायच्या आत तिला फुडं आनायचीय मला."

मग आप्पांमधला शिक्षक जागा झाला. "मास्तर, पवित्र म्हणजे खरं तर शुद्ध करणारं. शब्दात काही खोट नाही."

"शबुद चांगलाच हाय. पर आमच्या लोकांनी त्यो कुठं उभं राहून ऐकला, त्ये बी बघा की."

त्या वर्षी चैत्रापासून भाद्रपदापर्यंत दर पंधरा दिवसांनी मास्तर यायचे. पुण्या-मुंबईकडे कुणी जाणकार मंडळी मराठी बायबलची भाषा पुन्हा नीट करायला बसणार होती. ज्याला काही सुचवायचं असेल त्यानं दसऱ्याच्या आत लिहून पाठवावं, असं त्यांच्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं. देवाच्या पवित्रपणाविषयी जिथं जिथं काही आलंय ते सगळं मास्तर आपल्या वस्तीच्या मराठीत उतरवत होते.

आज माझ्या टेबलावरही बायबलं आहेत. एक जुनं, जाड पानांचं. एक नव्या सोप्या मराठीतलं. उर्दूही थोडी शिकले, मास्तरकी करता करता, चाळिशीच्या पुढंच. त्यामुळं मास्तर तेव्हा काय दाखवत होते ते आता माझं मला वाचता येतं. एके ठिकाणी देव आपल्या लोकांना सांगतो की मी जसा आहे तसे तुम्ही व्हा. उर्दूत तिथं दोन वेगळे शब्द पडतात. माणसांनी व्हायचं पाक, आणि देव स्वतः कुद्दूस. कुद्दूस हा फार वरचा शब्द, तो माणसाला लावायला जीभ कचरते. कानडीत आणि मराठीत मात्र देवाला आणि माणसाला एकच शब्द. कानडीत परिशुद्ध, मराठीत पवित्र. मास्तरांना मराठीची ही गोष्ट फार आवडायची. ते म्हणायचे, "उर्दूनं देवाला उंच खुर्ची दिली. मराठीनं त्याला आपल्याच घोंगडीवर बसिवलंय. आता घोंगडी तेवढी आमच्या घरची पायजे."

एकदा आप्पांनी विचारलं, मूळ भाषेत कोणता शब्द आहे? मास्तर म्हणाले, पाद्रीसाहेब सांगतात की त्याचा अर्थ वेगळा काढलेला, बाजूला ठेवलेला. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "अहो, मग तो आमचा सोवळा! अगदी तोच. घाला तुम्ही सोवळा."

मास्तरांची नजर पायरीवर गेली. तिथं तांब्याचं फुलपात्र होतं, त्यात पाणी आणि तुळशीची काडी. मास्तरांची वही आत घ्यायची तर आधी तिच्यावर दोन थेंब शिंपडायचे, हा आत्याचा नियम. छापील पुस्तकाला विटाळ नसतो, पण हातानं लिहिलेल्याला असतो, हेही तिनंच ठरवलेलं. वहीला मेणकापडाचं वेष्टन होतं, त्यामुळं थेंब ओघळून जायचे आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. मास्तर दर वेळी मान वळवून रस्त्याकडे बघायचे.

"त्यो शबुद नको," ते शेवटी हळूच म्हणाले. "त्यो आमी लई बघितलाय."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांना ते कळलं होतं. आप्पांना सगळं कळायचं, हे मी आज त्यांच्या बाजूनं म्हणते आणि त्यांच्या विरुद्धही.

श्रावणात मास्तरांनी एक गोष्ट वाचून दाखवली. एका माणसाला देवाचं दर्शन होतं आणि तो घाबरून म्हणतो की माझे ओठ अशुद्ध आहेत, आता मी मेलो. तेव्हा देवाचा दूत वेदीवरचा एक निखारा चिमट्यात धरून आणतो आणि त्याच्या ओठांना लावतो. तो मरत नाही, साफ होतो. आप्पा पुढं वाकले. "म्हणजे अग्नी शिवला त्याला. खरं आहे. अग्नीला विटाळ नाही."

"व्हय. शिवाशिव देवानंच केली," मास्तर म्हणाले. "मानूस लांब पळत हुता, देवानं हात लांब केला. ह्ये ज्यात येतंय आसा शबुद पायजे. ज्याला हात लावला तर त्यो बाटत न्हाय, आपुन धुऊन निघतो."

त्या दिवशी दोघांनी मिळून निर्मळ हा शब्द धरला. झऱ्याचं पाणी जसं असतं तसं. कुणी ओंजळ घातली तरी ते गढूळ राहत नाही आणि ओंजळ धुतली जाते. मास्तरांनी तो तीनचारदा स्वतःशी म्हणून पाहिला. "सखूआजीला कळंल," ते म्हणाले. आप्पाही त्या दिवशी फार खुशीत होते. जेवताना आत्याला म्हणाले, इतक्या वर्षांत एवढा चांगला विद्यार्थी मिळाला नव्हता. आत्या म्हणाली, "असेल. पण पायरी दर खेपेला मीच धुते."

मग नवमी आली.

घरात पहाटेपासून धावपळ. वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. जेवायला सवाष्ण सांगितलेली. आदल्या वर्षी आईच्या पानाला कावळा लवकर शिवला नव्हता. तासभर आम्ही परसात उन्हात उभे. आत्या म्हणाली होती की कुठंतरी विटाळ राहिला असेल, म्हणून जाणारीचा जीव घुटमळतोय. ते वाक्य मी वर्षभर छातीशी घेऊन झोपले होते. आई कुठंतरी उपाशी उभी आहे आणि कुणाच्या तरी हयगयीमुळं तिला जेवता येत नाही, असं मला स्वप्न पडायचं.

मास्तरांना श्राद्धाचं काय माहीत असणार? ते आपल्या ठरल्या दिवशी आले. या वेळी वही नव्हती. सुवाच्य अक्षरांत उतरवलेली चाळीसेक सुटी पानं होती, धुतलेल्या पंच्यात बांधलेली. आप्पांची शेवटची नजर फिरली की तुळजापूरच्याच पोस्टातून संध्याकाळी पाठवायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. श्रावणापासून रोज दारात बसून, कागद नाकाशी धरून त्यांनी ती प्रत काढली होती. गाठोडं पायरीवर ठेवून ते रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले.

आप्पा आत श्राद्धाला बसलेले. आत्या चुलीपाशी, तिला बाहेर येता येईना. ती आतूनच ओरडली, "इंदू, पाणी शिंपड आणि आप्पाच्या खोलीत नेऊन ठेव. नीट शिंपड हो. आज तुझ्या आईचं पान आहे."

मी नीट शिंपडलं. इतकं नीट मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

वरून दोन थेंब टाकून कसं भागेल? आतली पानं तशीच राहतील आणि आई पुन्हा उपाशी राहील. मी गाठ सोडली. एकेक पान ओट्यावर पसरलं. तुळशीची काडी फुलपात्रात बुडवून पहिल्या पानावर शिंपडली, ते उलटलं, मागच्या बाजूवर शिंपडली. मास्तरांची शाई टिकल्या पाण्यात विरघळून केलेली, तेव्हा सगळेच तशी करायचे. अक्षरं हलली. त्यांच्या कडेनं निळं पसरायला लागलं आणि थेंबाथेंबानं कागदावरून खाली उतरलं. मला वाटलं, विटाळ निघतोय.

खरंच तसं वाटलं. इतका विटाळ होता आणि आजवर कुणाला दिसला नाही, याचं मला नवल वाटलं आणि आपल्याला तो सापडला याचा आनंद झाला. म्हणून मी आणखी पाणी घेतलं. काडीनं पुरेना तेव्हा हातानं शिंपडलं. पानं संपत आली तेव्हा ओट्यावर निळं पाणी साचलं होतं आणि माझे हात मनगटापर्यंत निळे झाले होते.

लिंबाखालून मास्तर कसे आले ते मला कळलं नाही. त्यांना दुरून अक्षरं दिसत नव्हती, पण निळं दिसलं असावं. ते सरळ पायऱ्या चढून ओट्यावर आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. गुडघ्यांवर बसून एकेक पान उचलून त्यावर फुंकर घालायला लागले. तेवढ्यात आत्या दारात आली. तिला पानं दिसलीच नाहीत. तिला मास्तर दिसले.

"अहो, ओट्यावर कुठं आलात! श्राद्ध आहे घरात!"

आणि मास्तर उतरले. ओली पानं छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत खाली उतरले आणि रस्त्यावर उभे राहिले. त्यांच्या सदऱ्यावर निळे डाग पडत होते. याहून मोठ्या आवाजात कुणीतरी ओरडायला हवं होतं असं मला आज वाटतं. कुणीच ओरडलं नाही.

आप्पा बाहेर आले ते सोवळ्यात, उघड्या अंगानं, हातात दर्भ. काय झालंय ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांचे हात पुढं आले आणि वाटेतच थांबले. विधी पुरा व्हायचा होता. त्यांना ती पानं हातात घेता येत नव्हती. "मास्तर," ते म्हणाले, "मास्तर, मी येतो. चार दिवसांत तुमच्या घरी येतो. कच्च्या वहीवरून तुम्ही सांगा, मी लिहून काढतो. दसऱ्याच्या आत पोचवू. माझा शब्द."

"तुमी या," मास्तर म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी आता दुसऱ्यांदा व्हायचं न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "आईसाठी केलंस व्हय, बाई?"

मी मान हलवली.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि निघून गेले.

आईच्या पानाला त्या दिवशी कावळा ताबडतोब शिवला. पान ठेवून आम्ही दोन पावलं मागं सरलो नाही तोच. आत्या म्हणाली, बघ कसा शिवला लगेच. मला तिनं वडा जास्त वाढला. तो वडा मी गिळला कसा, देव जाणे.

एक पान ओट्याच्या फरशीला चिकटून राहिलं होतं. ते मी वाळवून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. अजून माझ्याकडे आहे. परवाच काढून पाहिलं. मास्तर मराठी मजकूर शाईनं लिहायचे आणि वर शिसपेन्सिलीनं उर्दू आणि कानडी शब्द टिपून ठेवायचे. पेन्सिलीला पाण्यानं काही झालं नाही. कुद्दूस आहे, पाक आहे, परिशुद्ध आहे. जे दुसऱ्यांनी आधीच छापून ठेवलं होतं ते सगळं शाबूत आहे. खाली मास्तरांचं स्वतःचं जे होतं तिथं नुसतं फिकट निळं आभाळ.

चार दिवस गेले. पितृपक्ष होता, आप्पांना घरोघरची श्राद्धं. अमावास्या झाली, देवी उठली, घट बसले, गाव माणसांनी भरून गेलं. मी रोज संध्याकाळी आप्पांची पिशवी बघायची, दौत-टाक भरलाय का. एक दिवस पोस्टकार्ड आलं. आप्पांनी मलाच वाचायला दिलं, कारण अक्षर लागत नव्हतं. ओळीवर ओळ चढलेली. शास्त्रीबुवांस सलाम. वाट बघतो. कच्ची वही काढून ठेवली आहे. शाई कालवून ठेवली आहे. सखूआजी विचारते.

मी म्हटलं, "आप्पा, जायचं ना?"

"नवरात्र उरकू दे," आप्पा म्हणाले आणि पोस्टकार्ड पोथीत ठेवलं.

नवरात्र उरकलं. दसरा झाला. दसऱ्यानंतर देवी पुन्हा निजते, कोजागिरीपर्यंत. आप्पांना वेळ नव्हता असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. नळदुर्गला जाणारी मोटार आमच्या दारावरून जायची. लिहायचं तर मास्तरांच्या घरात बसावं लागणार होतं, दिवसच्या दिवस. तिथलं पाणी प्यावं लागणार होतं. आप्पा निखाऱ्याच्या गोष्टीवर मान डोलवत होते, पण उंबरा ओलांडायची वेळ आली तेव्हा त्यांचे पाय मातीचे झाले. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते. मी त्यांचीच मुलगी आहे.

कोजागिरी झाल्यावर आम्ही गेलो. मला त्यांनी का बरोबर घेतलं, कुणास ठाऊक. कदाचित एकट्याला तोंड दाखवायचा धीर नव्हता. मोटारीतून उतरून दीड कोस चाल. दोन्हीकडं पोटरीएवढी ज्वारी. माझा घसा वाळून गेला होता.

मास्तर दारात बाकावर बसले होते, तोंड उन्हाकडं करून. आमच्या पावलांचा आवाज आल्यावर म्हणाले, "कोन हाय?" तेव्हा कळलं की आता उजेडच तेवढा दिसतो. आप्पांनी नाव सांगितलं. मास्तर उठून उभे राहिले, बाकावरची धूळ हातानं पुसली. त्यांची बायको, मार्थाबाई, तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली. पेला घासून लख्ख केलेला. तिनं पाणी ओतून आप्पांपुढं धरलं.

"नको, नको," आप्पा म्हणाले. "आत्ताच प्यालो, मोटारस्टँडवर."

आम्ही कुठंच पाणी प्यालो नव्हतो. मार्थाबाई पेला धरून तशीच उभी. मास्तरांना दिसत नव्हतं, पण बायको हलली नाही एवढं त्यांना ऐकू आलं. "ठिव तिथंच, मार्था," ते म्हणाले.

आप्पा घाईघाईनं पिशवी उघडायला लागले. "चला मास्तर, सांगा. आज बसूनच उरकू."

"मुदत सरली, शास्त्रीबुवा. तिकडं मंडळींचं ठरलं म्हनं. जुनाच शबुद ठिवत्यात."

"मग पुढच्या वेळेला..."

"पुस्तक काय दर साली बदलत न्हाय." मास्तरांनी तोंड पुन्हा उन्हाकडं केलं. "आन सखूआजी गेली परवाच्या आयतवारी. मागंच बसली हुती, भिंतीपाशी. म्हनली, मास्तर, तुमचं त्ये नवं आलं का? म्या म्हनलं, येतंय, आजी. तिला ऐकू आलं का न्हाय, म्हायीत न्हाय."

आप्पांनी पिशवी मिटली. कुणी कुणाला रागावलं नाही. मला तेव्हा वाटलं की यापेक्षा मास्तरांनी आप्पांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं.

पेला बाकावर होता. मी तो उचलला आणि प्याले. तहान लागली होती म्हणून प्याले, की आप्पांनी नको म्हटलं म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. पाणी गार होतं, थोडं मचूळ. मार्थाबाईनं पुन्हा पेला भरला आणि मी पुन्हा प्याले. घोटांचा आवाज ऐकून मास्तरांनी मान वळवली. "पी, बाई, पी," ते म्हणाले.

परतीच्या मोटारीत आप्पांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मला वाटलं, ते माझ्यावर खूश आहेत. मी प्याले त्यात त्यांच्या वाटचंही पाणी होतं, असं काहीतरी मला वाटत होतं. मी फार दिवसांनी थोडी हलकी झाले होते.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. आप्पांनी मला ओट्यावर चढू दिलं नाही. बोळातून मागं नेलं, परसातल्या दगडावर उभं केलं. "आत्याला सांगू नको," एवढंच म्हणाले. मग आडातून पाणी शेंदलं आणि माझ्या डोक्यावर ओतायला लागले. एक घागर, दुसरी घागर. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांच्या गालांवरून वाहणारं पाणी आडाचं नव्हतं.

मी मान खाली घालून उभी होते. परकर अंगाला चिकटला होता, दात वाजत होते. पायांपाशी दगडावरून पाणी वाहत मोरीकडं जात होतं आणि मी डोळे फाडून त्याच्याकडं बघत होते, कुठं निळं निघतंय का. काहीच निघत नव्हतं. आप्पा तिसरी घागर भरायला वळले.